माळवद संग्रहालयात कसे ठेवावे

खुले वास्तुसंग्रहालय

ज्या संग्रहालयात वस्तू इमारतीत मांडलेल्या नसतात, तर इमारतीच वस्तू म्हणून मांडलेल्या असतात, त्याला खुले वास्तुसंग्रहालय म्हणता येते. जाते, उखळ, पाटा-वरवंटा, रवी हे सारे बंद दालनातही ठेवता येते. परंतु जाते घराच्या कोणत्या कोपऱ्यात होते, त्यावर उजेड कुठून पडे, चुलीचा धूर दळणाऱ्या बाईपर्यंत पोहोचे की नाही, हे काचेच्या कपाटातून समजत नाही. घर, गोठा, आड, पार, चावडी आणि त्यांना जोडणाऱ्या बोळी एकत्र पाहिल्या की एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते स्पष्ट होते. खुल्या संग्रहालयाचे प्रयोजन हेच. मात्र जी वास्तू दरवर्षी थोडी नव्याने करावी लागते, ती तेथे ठेवताना या पद्धतीची कसोटी लागते. परभणी जिल्ह्यातील माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर ही अशीच एक वास्तू आहे.

कल्पनेचा उगम

उद्योगीकरणामुळे खेडी वेगाने बदलू लागली तेव्हा उत्तर युरोपात ही कल्पना रुजली. नॉर्वेत ऑस्लोजवळ राजा दुसरा ऑस्कर याच्या आश्रयाने १८८१ मध्ये जुन्या लाकडी इमारती एका जागी आणण्यास आरंभ झाला. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे संग्रहालय उघडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या सुमारे दीडशे इमारती आज तेथे आहेत. ही पद्धत जेथे जन्मली तेथील घर ओंडक्यांचे होते, ही बाब सहसा नजरेआड होते. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालायचा, घर उतरवायचे, गाडीवर लादायचे आणि नव्या जागी त्याच क्रमाने रचायचे, हे लाकडाच्या सांगाड्याला मानवते. पुढे जगभर गेलेल्या या नमुन्याने लाकडाचे हे गृहीतक सोबत नेले.

भारतात याची तीन ठळक रूपे दिसतात. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयातील ग्रामसंकुल हा १९७२ च्या एका प्रदर्शनाचा टिकून राहिलेला भाग आहे. भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय श्यामला टेकडीवर सुमारे २०० एकरांत पसरले असून त्यात हिमालयीन, किनारी व वाळवंटी खेड्यांचे आणि आदिवासी घरांचे विभाग आहेत. चेन्नईजवळील ‘दक्षिणचित्र’ १९९६ मध्ये खुले झाले. पाडण्यासाठी निघालेली जुनी घरे विकत घेऊन, उतरवून ती तेथे पुन्हा उभारली गेली.

जतनाच्या तीन वाटा

पहिली वाट स्थलांतराची. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूड येथील मूळ वास्तूचे अवशेष आणून त्याची तेथे पुन्हा मांडणी केली आहे. खांब, कमानी, तक्तपोशी, कोरीव पट्ट्या असे सुटे होणारे भाग असले की हे जमते. दगडाचेही जमते. आस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून वर नेली गेली आणि नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याच्या काही वास्तू बेटावर हलवल्या गेल्या.

दुसरी वाट पुनर्निर्मितीची. मूळ वास्तू न हलवता तिच्यासारखी नवी बांधायची. भोपाळला घरे त्या त्या समाजातील माणसांनीच येऊन बांधली, हे तेथील पद्धतीचे वैशिष्ट्य. येथे साहित्य नवे असते, हात मात्र जुने असतात.

तिसरी वाट वास्तू आहे तेथेच जपण्याची. हिच्यात आवार नसते, तिकीटखिडकी नसते आणि बहुतेक वेळा पैसाही नसतो.

लाकूड हलते, दगड हलतो, माती हलत नाही. मातीचे छत उतरवले की उरतो तो ढीग. म्हणून माळवदाच्या बाबतीत पहिली वाट जवळजवळ बंद होते. लाकडी सांगाडा आणता येईल, पण छत तेथेच नव्याने घालावे लागेल.

महाराष्ट्रातील नमुना: कणेरी

कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या परिसरात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून ते साकारले. सुमारे ७ एकरांत ८० च्या आसपास प्रसंग आणि ३०० हून अधिक मानवाकृती शिल्पे तेथे आहेत. नांगरणी, मळणी, लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, वैद्य, चावडीवरचा निवाडा, घरातील बाया असे गावगाड्याचे सर्व व्यवहार उघड्यावर मांडलेले आहेत. शिल्पे सिमेंटची असली तरी वेशभूषा, अवजारे धरण्याची ढब आणि जनावरांची ठेवण यांत बारकावा आहे. शहरात वाढलेल्या मुलाला मोट म्हणजे काय हे तेथे दोन मिनिटांत कळते, आणि छापील वर्णनाला हे साधत नाही. मालगुंड-गणपतीपुळे परिसरातील ‘प्राचीन कोकण’ हे याच जातीचे, आकाराने लहान.

या नमुन्याचा केंद्रबिंदू माणूस आणि त्याचा व्यवसाय हा आहे, घर नाही. घर पार्श्वभूमीसारखे येते. सिमेंटची माणसे पावसात भिजली तरी बिघडत नाहीत, म्हणून ती उघड्यावर ठेवणे परवडते. भिंती आणि छपरे यांना ते भाग्य नाही. वास्तूकडे वास्तू म्हणून पाहायचे असेल तर पाया, भिंत, सांगाडा आणि छत असा क्रम घ्यावा लागतो. पुढील मांडणी परभणी भागातील घराला तोच क्रम लावून केली आहे.

परभणी भागातील घर

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांचा हा जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काळ्या जमिनीवर वसलेला आहे. पावसाळा मध्यम, उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर राहणे नेहमीचे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणून तेथे उतरते कौलारू छप्पर लागते. येथे पाऊस त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आणि ऊन कितीतरी अधिक, त्यामुळे सपाट व जाड छत सोयीचे ठरले.

जुन्या वाड्याचे प्रवेशद्वार थेट घरात उघडत नाही. आधी ढाळज लागते. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना बसण्याचे ओटे असलेली ही झाकलेली जागा म्हणजे घर आणि गल्ली यांच्यामधला उंबरा. आल्यागेल्याची विचारपूस, सावकाराचा हिशोब, सालगड्याची बोली, सगळे येथेच. मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर व देवघर, एका अंगाला न्हाणी आणि मागे परसदार. साध्या शेतकऱ्याच्या घरात चौक नसतो. पुढे ओसरी, आत एक लांबट खोली, बाजूला गोठा, एवढेच.

घराचे माप खोल्यांनी होत नाही, खणांनी होते. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचे घर, सात खणांची ओसरी, असे बोलले जाते. तुळईला मिळणाऱ्या लाकडाची लांबी आणि त्यावर पडणारा मातीचा भार यांवर खण किती रुंद करायचा हे ठरते. त्यामुळे या भागातील खोल्या लांब असतात, पण फारशा रुंद नसतात. सागाचा मोठा सोट ज्याला परवडे त्याच्या खोलीला रुंदी मिळे. बाभूळ आणि लिंबावर भागवणाऱ्याची खोली अरुंद राही. घराची ऐपत छतातूनच वाचता येते.

माळवदाची रचना

खालून वर जाताना प्रथम दगडी उथळा, त्यावर लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर जवळजवळ बसवलेले लाकडाचे तुकडे, म्हणजे किलचन. वाड्यात याच जागी रंधलेल्या फळ्यांची तक्तपोशी असते. किलचनाच्या फटी बुजवण्यासाठी वर लिंबाचा किंवा पळसाचा पाला, तुरीच्या काड्या किंवा गवत पसरतात. त्यावर भुसा मिसळून कुजवलेल्या चिखलाचा थर येतो आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवतात. एकूण जाडी फूटभर तरी असते, जुन्या घरांत दुप्पटही.

छत सपाट दिसले तरी त्याला किंचित उतार असतो. उताराच्या टोकाला कठड्यातून पुढे आलेले लाकडी किंवा दगडी पन्हाळ पाणी भिंतीपासून दूर फेकते. पन्हाळ आखूड पडले तर पाणी भिंतीवरून ओघळते आणि दोन पावसाळ्यांत भिंतीचे पोट सुटते. मातीच्या घराचा शेवट बहुधा या हातभर लांबीच्या तुकड्यापासून सुरू होतो. स्वयंपाकघरावर छतातच एक झरोका ठेवलेला असतो. धूर त्यातून बाहेर जातो, उजेड त्यातून आत येतो आणि पाऊस आला की वरून फरशी किंवा पत्र्याचा तुकडा ओढून तो झाकतात.

जाड मातीतून उष्णता हळूहळू झिरपते. दुपारी छतावर पडलेले ऊन आतल्या बाजूस जाणवू लागेपर्यंत आठ-दहा तास जातात. तोवर रात्र झालेली असते आणि घरातली माणसे वर, उघड्या आभाळाखाली अंथरूण टाकून झोपलेली असतात, कारण माळवदाचा वरचा पृष्ठभाग रात्री लवकर निवतो. दिवसा खाली आणि रात्री वर अशी ही राहणी मातीच्या गुणाशी जुळलेली आहे. त्याच माळवदावर उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या वाळतात. शेजारच्या घराचे छत लागूनच असेल तर बायकांची ये-जाही वरच्या वरच होते.

पांढरी माती

काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि सुकले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. अशा मातीचे छत पहिल्याच पावसात गळेल. छताला लागणारी पांढरी माती कमी फुगणारी, चुनखडीयुक्त व बारीक असते. पाऊस पडला की तिचा वरचा पापुद्रा दाटतो आणि पाणी आत न मुरता वाहून जाते.

ही माती मिळते मुख्यत्वे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून आणि पडक्या गढ्यांतून. पिढ्यान्‌पिढ्या तेथे घरे उभी राहिली, ढासळली, चुलींची राख व शेणमाती साचत गेली आणि जमीन उंचावत गेली. गावाची राहती जागा ती पांढरी आणि शेते ती काळी, ही जुनी विभागणी या मातीतून आलेली आहे. म्हणजे आजच्या घराचे छत हे शेकडो वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंतींपासून बनलेले असते.

येथे एक पेच आहे. ज्या टेकाडातून गावकरी छतासाठी माती नेतात, तेच टेकाड पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने उत्खननाचे स्थळ असते. मराठवाड्यात अनेक प्राचीन वस्त्यांचे थर असे टोपली-टोपलीने छतांवर गेले. निजामाच्या राजवटीतील देशमुख-पाटलांच्या गढ्या १९४८ नंतर ओस पडल्या तशा त्याही या कामी आल्या. एक परंपरा जपताना दुसरा पुरावा नाहीसा होतो आणि यात चोर कोणी नसतो. संग्रहालयासाठी माळवद बांधताना माती कुठून आणणार, हा प्रश्न म्हणूनच आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवा.

वर्षाचे वेळापत्रक

मृग नक्षत्राच्या आधी माळवद तयार व्हावे लागते. आधी वरचे गवत व झुडपे मुळासकट काढतात, कारण मुळे कुजली की त्या वाटेने पाणी उतरते. भेगा भरतात, नवी पांढरी माती पसरतात, पाणी शिंपडून चोपण्याने चोपतात, पन्हाळाचे तोंड साफ करतात. पहिल्या सरीनंतर कोणीतरी वर जाऊन ओल्या मातीत पायांनी दाब देतो. रात्री पाऊस लागला आणि खाली थेंब पडू लागला, तर त्या जागेच्या वर मूठभर कोरडी माती टाकून येणे हे घरातल्या धाकट्याचे काम. भिंतींचे लिंपण पावसाळ्यानंतर, दसरा-दिवाळीच्या आधी. जमिनीचे सारवण त्याहून वारंवार.

या कामांना वेगळा कारागीर नसतो. सांगाडा सुताराचा, जोते पाथरवटाचे आणि माती घरच्यांची. सारवण व लिंपण जवळजवळ सर्वस्वी बायकांकडे. जाडी किती, चिखल किती दिवस कुजवायचा, माती कोरडी किती असावी, हे सारे हाताला माहीत असते. त्याचा कागद कुठेही नाही.

खुल्या संग्रहालयाच्या मर्यादेचे मूळ येथे आहे. काचेतली तलवार वर्षानुवर्षे न शिवता राहू शकते. माळवदाला दोन पावसाळे कोणी हात लावला नाही तर तुळया कुजू लागतात. तेव्हा माळवद जपायचे तर मे महिन्यात काम करणारी माणसे जपावी लागतात. भोपाळच्या पद्धतीत घर बांधणाऱ्या समाजातील लोक दुरुस्तीसाठीही येतात. मराठवाड्यातील घरासाठी तोच मार्ग घ्यावा लागेल. ज्या आवारात पाहुण्यांना डिसेंबरात नीटनेटके घर दिसते पण जूनच्या आधीची दुरुस्ती कधीच दिसत नाही, तेथे खरा विषय पडद्याआड राहतो. तिकिटाचा हंगाम आणि मातीचा हंगाम हे दोन्ही एकत्र येत नाहीत, ही अडचण आहेच.

भार आणि भूकंप

कोरड्या मातीचा फूटभर थर दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५०० किलो भरतो. दहा फूट लांब-रुंद खोलीवर हा भार चार टनांहून अधिक होतो, आणि पावसात भिजल्यावर आणखी. दरवर्षी नवी माती पडते, जुनी क्वचितच काढली जाते. आजोबांच्या काळातील फूटभर थर नातवाच्या काळात दीड-दोन फुटांचा झालेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे मेली. ओबडधोबड दगडांच्या, मातीच्या सांध्यातील जाड भिंती दोन्ही अंगांना उकलल्या आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. जेथे छताचा भार भिंतीवर न देता खणांच्या खांबांवर दिलेला होता, तेथे भिंती बाहेर पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे नंतरच्या पाहणीत नोंदली गेली. माळवद अपायकारक ठरले ते त्याच्या वाढत्या वजनामुळे आणि ते पेलणाऱ्या भिंतीला आरपार बांधणारे दगड नसल्यामुळे. हा फरक तपशिलाचा वाटला तरी त्यावर जीव अवलंबून होते.

परिणाम मात्र सरसकट झाला. भूकंपग्रस्त भागातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि बाहेरच्या जिल्ह्यांतही माळवदाखाली झोपण्याची धास्ती बसली. माती उतरवून पत्रे घालणे सुरू झाले. पत्रा हलका, गळत नाही, दरवर्षी काम मागत नाही. दुपारी त्याखाली बसवत नाही, एवढेच. पत्रा घालणाऱ्याला परंपरेचा मारेकरी ठरवणारे लेखन अधूनमधून वाचायला मिळते. ते सहसा स्लॅबच्या घरात बसून लिहिलेले असते.

संग्रहालयातील माळवदाला या अनुभवातून दोन अटी लागतात. भार खांबांवर घ्यायचा, आणि नवी माती टाकताना तितकीच जुनी काढायची. अशी दुरुस्त रचना ‘अस्सल’ मानायची का, यावर संग्रहालयशास्त्रात वाद होऊ शकतो. पण पाहुणे ज्या छताखाली उभे राहणार ते अस्सलपणासाठी धोकादायक ठेवणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

बळद, कणगी, पेव

धान्य साठवण्याची व्यवस्था हा घराच्या रचनेचाच भाग होता. बळद म्हणजे दोन भिंतींमध्ये किंवा खोलीच्या टोकाला बंद केलेली जागा. वरून धान्य ओतायचे, खाली लहान तोंडातून काढायचे. कणगी ही बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांची विणलेली मोठी टोपली, शेणमातीने लिंपलेली. पेव जमिनीखालचे.

पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद असते आणि पोट खाली रुंद होत जाते. पेव काळ्या मातीत खणत नाहीत, ओल धरते म्हणून. घट्ट पांढरीत किंवा मुरमात ते खणले जाते. बाजू शेणमातीने लिंपून त्यांना कडब्याचे अस्तर देतात, ज्वारी भरतात आणि तोंडावर दगड ठेवून वरून माती दाबतात. आत हवा संपली की किडीलाही जगता येत नाही, हे त्याचे तत्त्व. दाणा आणि कीड आतला प्राणवायू वापरतात व कार्बन डायऑक्साइड साचतो. याच कारणाने नुकतेच उघडलेले पेव माणसासाठी प्राणघातक असते. तोंड उघडून ते काही काळ तसेच ठेवीत, कंदील दोरीने आत सोडून पाहत, आणि ज्योत विझली तर कोणी उतरत नसे. तरीही पेवात गुदमरून मृत्यू होत. भिंतीलगतच्या ज्वारीला वास लागे. ती वेगळी काढून जनावरांना घालत.

संग्रहालयात पेवाचे फक्त तोंड दाखवले तर ते साधा खड्डा वाटते. उभा छेद घेऊन पोट, अस्तर आणि झाकण एकाच नजरेत दिसेल अशी मांडणी केली तरच त्यामागचा विचार कळतो. ही एक वास्तू अशी आहे की तिची प्रतिकृती मूळ वास्तूहून अधिक शिकवते.

बारव: न हलणारी वास्तू

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे यादवकालीन शैलीतील मंदिरे आहेत आणि बारव आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव तिच्या फिरत्या पायऱ्यांसाठी ओळखली जाते. परभणीजवळच्या पिंगळीतही जुनी बारव आहे. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, ही उलटी इमारत. तिचा मजला पाणी ठरवते आणि ऋतूप्रमाणे तो वर-खाली होतो. दगड चुन्याविना एकमेकांत अडकवलेले, भिंतींत देवकोष्ठे, पायऱ्यांना विसाव्याचे टप्पे. ती भूजलाच्या पातळीशी बांधलेली असल्याने स्थलांतराचा प्रश्नच उद्भवत नाही. गाळ काढून, पायऱ्या सांधून, आहे तेथेच तिला जपणे हा एकमेव उपाय. अशा बारवांची वाट आखली तर जिल्ह्यालाच विखुरलेले संग्रहालय मानता येते.

पायऱ्यांच्या विहिरींकडे पाठ फिरण्याला केवळ नळ कारणीभूत नव्हते. माणूस पाण्यात उतरे आणि त्याच पाण्याने घागर भरे, म्हणून नारू या कृमिरोगाचा प्रसार होई. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत अशा विहिरींचा वापर थांबवणे, त्यांना कठडे घालून पाणी पोहऱ्याने काढायला लावणे हा मुख्य उपाय होता. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. बारवेच्या सौंदर्यावर लिहिताना हा भाग गाळला जातो. तो दाखवला तर वास्तू कमी सुंदर होत नाही, आणि लोकांनी ती का सोडली हे समजते.

वस्तीचा नकाशा

ग्रामजीवनाचे प्रदर्शन बारा बलुतेदारांच्या देवाणघेवाणीवर भर देते. सुतार नांगर करतो, लोहार फाळ शेवटतो, कुंभार मडकी देतो, सुगीला खळ्यावर प्रत्येकाला धान्याचा वाटा मिळतो. हे खरेच होते. परंतु कोणाचे घर कोणत्या दिशेला, वेशीच्या आत की बाहेर, कोणाला कोणत्या आडावर पाणी, हेही त्याच व्यवस्थेचे भाग होते. दलित वस्ती गावापासून वेगळी असे. सार्वजनिक पाणवठ्याचा हक्क मागण्यासाठी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. केवळ घरे आणून ओळीने मांडली तर घरांमधील अंतर नाहीसे होते, आणि खेड्याच्या वास्तुरचनेत हे अंतरच सर्वांत काळजीपूर्वक आखलेले होते. वाडा, कुणब्याचे घर आणि वेशीबाहेरची झोपडी यांच्या मूळ जागा दाखवणारा गावठाणाचा नकाशा प्रवेशापाशीच असणे हा प्रामाणिकपणाचा किमान भाग आहे. सिमेंटच्या हसऱ्या माणसांकडून ते काम होत नाही.

पाहणीचा क्रम

अशा संग्रहालयात पाहुणे सरळ घरात शिरतात आणि चुलीपाशी थांबतात. अभ्यासाच्या दृष्टीने बाहेरून आरंभ करणे सोयीचे. जोत्याचा दगड किती उंच आहे यावरून पाण्याची भीती कळते. भिंतीच्या तळाचे लिंपण ताजे असेल तर तेथे ओल चढते आहे. पन्हाळाखालची जमीन खचली असेल तर उतार नीट आहे पण पाण्याला वाट नाही. आत गेल्यावर तुळईवरील काजळी पाहावी. काजळी दाट तेथे चूल जवळ, आणि धुरामुळे लाकडाला कीडही कमी. नव्याने बांधलेल्या घरात ही काजळी नसते. मूळ आणि प्रतिकृती ओळखण्याची ही साधी खूण आहे. दिवळीच्या वरचा तेलकट डाग, उंबरठ्याची मध्ये झिजलेली कड, खुंटीभोवतीची गुळगुळीत भिंत या खुणाही कारागिराला करता येत नाहीत.

मोजणी आणि नोंद

सामान्य घराला स्मारकाचा दर्जा मिळणे कठीण. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन वास्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे आणि माळवदाच्या घरात शंभर वर्षांचा फार तर सांगाडा असतो. भिंतीचे लिंपण गेल्या दिवाळीचे आणि छताची वरची माती गेल्या मे महिन्याची. त्यामुळे अशा घरांच्या बाबतीत मोजणी हे जतनाचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. खणांची संख्या व रुंदी, खांबाचे लाकूड, भिंतीची जाडी, छताच्या थरांचा क्रम, झरोक्यांची जागा, उतार, पन्हाळांची लांबी, बळदाचे माप आणि गावठाणातील घराचे स्थान एवढे नोंदले तर घर पडल्यानंतरही त्याची रचना पुन्हा उभी करता येते. घर उतरवले जात असताना ही नोंद सर्वांत चांगली होते, कारण तेव्हा एरवी झाकलेले थर उघडे पडतात. पत्रे घालण्यासाठी माती काढली जाते तो दिवस मोजणी करणाऱ्यासाठी महत्त्वाचा. टेप, वही आणि छायाचित्रे एवढ्या साधनांत स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना हे काम करता येते.

रेखाचित्रात न येणारी माहिती मात्र वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. चिखलात भुसा किती, तो किती दिवस तुडवायचा, चोपताना माती किती ओली हवी, या प्रश्नांची उत्तरे काम चालू असतानाच मिळतात. विचारून मिळतात ती ढोबळ असतात. ही माहिती असलेल्या बायका व गडी आता साठीच्या पुढे आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माती चढवली जाणारी घरे प्रत्येक गावात मोजकी आहेत. नोंद घ्यायची तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा हा तिचा काळ.